खातरजमा

आत्याच्या घरात सगळंच पिवळं होतं. भिंतीचा चुना पिवळा, दोरीवर वाळत घातलेली लुगडी पिवळी, माठावरचं झाकण पिवळं, आणि आत्याच्या हाताच्या रेषांत तर हळद इतकी मुरलेली की ती स्वतःच म्हणायची, मला जाळलं तरी धूर पिवळाच निघंल. घर म्हणजे सांगलीच्या हळदपेठेत एका वखारीच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायची, त्याच वखारीत पोती उचलायचे आणि आत्या दारात बसून हळकुंडं निवडायची. पलीकडं हळद पॉलिश करायचा भलामोठा लोखंडी ड्रम होता. सकाळी तो फिरायला लागला की असा खडखडाट व्हायचा की घरात नुसतं 'भाकरी वाढ' म्हणायचं तरी ओरडावं लागायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्याही पलीकडं, घरी मेंढरं. माझं लहानपण एका माळावरून दुसऱ्या माळावरच्या वडलांना हाका मारण्यात गेलेलं. त्यामुळं आवाज जाड झाला होता, आणि उंची तर आमच्या घराण्यातच होती. बाभळीच्या शेंगा पाडायला भावाला काठी लागायची, मी नुसता हात वर करायची.

पुढं शिकायचं म्हणून तात्यांनी, म्हणजे वडलांनी, मला आत्याकडं आणून सोडलं होतं. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात मला एका माणसानं नळाच्या रांगेत हेरलं. यादव हवालदार. फौजेतून निवृत्त होऊन आले होते आणि तिथं शिकलेला बास्केटबॉल इथल्या मुलींना शिकवत होते. सगळे त्यांना हवालदारसर म्हणायचे. मैदान कृष्णेच्या काठाजवळ होतं. पूर येऊन गेला की त्या सिमेंटवर बोटभर गाळ बसायचा, त्यात मेलेले मासे, चपला, कुणाकुणाच्या घरचं काय काय. ते सगळं आम्ही मुलीच फावड्यानं ओढून काढायचो. त्या वासानं पोरी नाक धरायच्या, मला मात्र त्या दिवसांत कशाचीच किळस यायची नाही. लेंड्या गोळा करत वाढलेली मी. सर शिट्टी वाजवायचे, 'दौड के चल' म्हणायचे, आणि मी पळायची. मला माझ्या अंगाचा अभिमान होता, हे आज सांगायला हवं. चालताना लोक वळून बघायचे तर मी आणखी ताठ चालायची. रिंगखाली उडी मारली की वर मी आणि चेंडू एवढंच असायचं, बाकी सगळे खाली.

सरावाहून आले की मामा खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढायचे. पेठेत ढेप फोडताना उडालेला. तो भाकरीबरोबर खायचा, वर कच्चा कांदा. कधी आत्या वांग्याचं भरीत करायची, कधी नुसता लसणीचा ठेचा. "खा गं," ती म्हणायची, "एवढी लांब काया हाय, भरायला वेळ लागंल." त्या घरात मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. पुढं खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली, राज्याकडून खेळले, चांगल्या हॉटेलांत राहिले, पण तसं जेवण आणि तशी झोप परत मिळाली नाही. त्याला कारण एक दुपार आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना मला टायफॉइड झाला. केस पुंजक्यानं गळायला लागले तेव्हा आत्यानंच कात्री घेऊन ते मुळापासून कापून टाकले. महिन्याभरात मी मैदानावर परत गेले, डोक्यावर जेमतेम बोटभर केस. वाळलेले गाल, जाड आवाज. आमची कप्तान अंजू, मिरजेची, गोरी, नेटकी मुलगी, मला बघून हसली आणि म्हणाली, "आता तर तू फौजीच दिसतेस." मीही हसले. त्याच अवतारात मी संघाबरोबर साताऱ्याला जिल्ह्या-जिल्ह्यांच्या महिलांच्या स्पर्धेला गेले.

आम्हाला एका शाळेच्या वर्गात उतरवलं होतं. बाकं एका बाजूला सारून सतरंज्या टाकलेल्या. संडास तुंबलेला, त्याचं पाणी ओसरीपर्यंत आलेलं, आणि त्या ओसरीवरच सकाळचे पोहे वाढायचे. यजमान संघाचे एक व्यवस्थापक होते. नाव नाही घेत, घ्यायची लायकी नाही. पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या, तोंडात कायम काडी. मुली पोहे खात असताना ते मधून फिरायचे आणि प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारत 'भरपूर खा' म्हणायचे. ती थाप लगेच उठायची नाही. तो हात पाठीवर तसाच रेंगाळायचा. सगळ्यांना ते कळत होतं आणि सगळे, मोठी माणसंसुद्धा, तिकडं न बघता चहा पीत होते.

अंतिम सामना त्या यजमान संघाशीच पडला. मध्यंतरापर्यंत आम्ही चांगले पुढं होतो आणि बहुतेक गुण माझे होते. मी घाम पुसत पाणी पीत होते. तेवढ्यात ते सफारीवाले टेबलाकडं गेले. मैदानाच्या त्या टोकाला चार डोकी एकत्र आली. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं, फाऊल मोजण्यात काही चूक झाली असेल. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोरगं खेळवत्यात, पोरगं!" आणि हशा पिकला. मीही हसले. खरंच हसले. मला वाटलं, गंमत चालली आहे.

आयोजकांपैकी एक गृहस्थ आमच्याकडं आले. चष्मा, हातात पॅड, बोलणं अगदी सभ्य. हवालदारसरांना म्हणाले, "तक्रार आली आहे. ह्या खेळाडूची खातरजमा करावी लागेल."

"कसली खातरजमा?" सरांनी विचारलं.

"म्हणजे... मुलगी आहे याची. दोन महिला आहेत आमच्याकडे. बाजूच्या खोलीत दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर सामना पुढे चालू करता येणार नाही."

मी सरांकडं बघितलं. या माणसानं मला पळायला शिकवलं होतं, पडायला शिकवलं होतं, आजारात दवाखान्यात डबा आणला होता. मला खात्री होती की ते आता काहीतरी बोलतील. ते टेबलाकडं बघत होते, वर लावलेल्या गुणफलकाकडं बघत होते. मग खाली बघत म्हणाले, "नियम असंल तर... जाऊन ये गं. दोन मिन्टाचं काम हाय. लौकर ये, अंग थंड पडू देऊ नको."

अंजू म्हणाली, "जा ना, वेळ जातोय."

मी गेले. आज माझी नात विचारते, आजी तू गेलीसच का, नाही म्हणायचं. तिला 'नाही' हा शब्द, बोलायला येऊ लागलं तेव्हापासून येतो. मला तो कुणी दिलाच नव्हता. मोठ्या माणसांनी सांगितलं की आत जायचं, एवढंच माहीत.

खोली खेळाच्या सामानाची होती. फाटक्या गाद्या, उंदरांच्या मुताचा वास, कोपऱ्यात चुन्याची फक्की. दोन बायका होत्या. एक त्याच शाळेतल्या बाई, दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीच्या, नुसत्या बघायला आल्यासारख्या. शाळेतल्या बाई भजी खात होत्या. मी आत आल्यावर त्यांनी उरलेल्या भज्यांचा कागद खिडकीत ठेवला, तेलकट बोटं गादीच्या खोळीला पुसली आणि म्हणाल्या, "चल, आवर. आम्हाला काय हौस आहे का?" त्यापुढं काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या दुसऱ्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि खिडकीची एक फळी मोडलेली होती, आणि त्या फटीतून येणारा उन्हाचा उजेड मधूनमधून अडत होता. म्हणजे बाहेर कुणीतरी उभं होतं. ती तेलकट बोटं मला अजून आठवतात. पावसाळ्यात घरात सगळ्यांना भजी लागतात. मी करून देते आणि बाहेर जाऊन बसते.

कपडे नीट करून मी बाहेर आले. त्या बाई माझ्या पुढं होत्या. त्यांनी टेबलाशी जाऊन हळू सांगायला काय हरकत होती? पण त्या दारातच थांबल्या आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई आहे हो, बाई!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. सफारीवाले हसत माझ्याजवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राग मानू नको पोरी. आता कसं, सगळ्यांचं समाधान झालं." त्यांच्या तोंडातली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. मला तेव्हा जे वाटलं तो राग नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. गाळात हात घालताना न आलेली किळस मला त्या माणसाच्या हाताची आली, माझ्या पाठीची आली, मग माझ्या सगळ्या अंगाचीच आली.

दुसरा डाव मी खेळले. चेंडू माझ्याकडं आला की गर्दी 'बाई! बाई!' असं तालात ओरडायची. उडी मारावीशी वाटेना, हात वर केला की अंग उघडं पडल्यासारखं वाटायचं. सरांनी विश्रांती मागितली आणि म्हणाले, "चिडवत्यात त्ये, ध्यान देऊ नको. दुश्मन चिडवणारच."

मी म्हणाले, "सर, आत जा तुमी म्हणालासा."

 ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. आम्ही तो सामना थोडक्यात जिंकलो. संध्याकाळी संघाला श्रीखंड-पुरी होती. मी एक घास खाल्ला आणि मागं जाऊन ओकले. आमच्या त्या वेळच्या मुलींचा आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. मध्यंतरी कुणीतरी त्या दिवशीचा करंडक घेतलेला फोटो टाकला, खाली लिहिलं, 'ते सोनेरी दिवस'. बाकीच्यांनी हात जोडलेली आणि फुलांची चित्रं पाठवली. मी ग्रुपमधून बाहेर पडले.

बातमी माझ्या आधी सांगलीला पोचली होती. शेजारच्या बायका साखर मागायच्या निमित्तानं यायच्या आणि मला वरपासून खालपर्यंत बघून जायच्या. वखारीतल्या हमालांचं बोलणं मी गेले की थांबायचं. आत्या रडली, मग चिडली, मग कुणावर चिडावं हे न कळून माझ्यावरच चिडली, "केस कापायचंच न्हवतं मी." पण सगळ्यांत वाईट मामा बोलले. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून जास्त लागलं. जेवताना समजुतीच्या सुरात म्हणाले, "आगं, उलट बरंच झालं की. चार जाणत्या मानसांनी बघून सांगितलंय बाई हाय म्हनून. उद्या सोयरीक करताना कुनाला शंका नको." आणि खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या ताटात ठेवला. मी ताट सारून उठले. त्या घरातली हळद तेव्हापासून माझ्या घशात बसायला लागली. पाण्याला तिचा वास, उशीला तिचा वास. मी दिवसातून दोनदोनदा अंघोळ करायला लागले आणि सरावाला जायचं बंद केलं.

आत्यानं गावाकडं निरोप धाडला असावा. तात्या आले. मेंढरं भावावर सोपवून, खांद्यावर घोंगडं, पायात टायरच्या वहाणा. आत्यानं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. ते माझ्याजवळ दारात येऊन बसले. ड्रम बंद होता, दुपारची सुट्टी. त्यांनी जमिनीवर पडलेलं एक हळकुंड उचललं आणि बोटांत फिरवत राहिले. मग विचारलं, "बाजारात मेंढरू बघत्यात, तसं बघितलं व्हय तुला?"

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच. कुणी मला तोवर काही विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी मला समजावलं होतं, सांगितलं होतं, गप्प केलं होतं. माझ्या तोंडून तो एक शब्द गेला आणि मग मला रडू आलं. तात्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांना कळलं असेल की मला हात नको आहे. ते उठले आणि म्हणाले, "त्या मास्तराचं घर दाव."

हवालदारसरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. भिंतीवर पलटणीचा फोटो, खाली पुसून लखलखीत ठेवलेले बूट. सर गडबडीनं उठले, "या, या, पाव्हणं," म्हणाले, आतून त्यांच्या पत्नीनं तांब्या-भांडं आणून ठेवलं. तात्या उन्हातून आले होते, ओठ सुकले होते. त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

"पाणी घ्या की," सर म्हणाले.

"न्हाई."

"आवं, निदान घोटभर..."

"तुमच्या हातात पोर दिली हुती मास्तर," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमाला मेंढरावर आलेलं कुत्रं आडवता आलं न्हाई. आता तुमच्या घरातलं पाणी कसं पिऊ मी?"

सरांनी नियमाचं काही सांगायला सुरुवात केली. फौजेतसुद्धा वैद्यकीय तपासणी असते, वगैरे. वाक्य अर्ध्यात आल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना, ते थांबले. त्यांची पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "खरं हाय त्यांचं." आणि पाण्याचा तांब्या उचलून आत गेली. सरांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं, पण मला समाधान वाटलं नाही. त्यांचीही मला तेव्हा किळसच येत होती. त्या चकचकीत बुटांची, त्या फोटोची.

परतताना तात्या म्हणाले, "गावाला येतीस का ऱ्हातीस?"

मी विचारलं, "तुमी काय म्हणतासा?"

"मी काय बी म्हननार न्हाई. खेळ तुझा हाय. सोडायचा तर तुझ्या मनानं सोड, त्या भाड्यांच्या पायी नगं. पर परत कुनी आत चल म्हनलं तर जायाचं न्हाई. मग त्यो मास्तर असू दे, न्हाईतर कलेक्टर असू दे."

मी राहिले. का राहिले हे मला नीट सांगता येणार नाही. गावाला गेले असते तर त्या खोलीतूनच बाहेर आले नाही असं झालं असतं, असं काहीतरी. पुढच्या आठवड्यात मी सरावाला गेले. सरांनी शिट्टी वाजवली, मी पळाले. पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही. ते सूचना द्यायचे, मी ऐकायची. केस वाढू दिले नाहीत. आत्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन मागं लागायची, मी मुद्दाम पेठेतल्या न्हाव्याकडं जाऊन बारीक करून यायची.

काही महिन्यांनी कराडला स्पर्धा होती. उपांत्य सामन्याला दोन्ही संघ मैदानात उतरले होते, चेंडू पंचांच्या हातात होता. तेवढ्यात समोरच्या संघाचा एक माणूस टेबलाशी गेला. मला ती चाल, ते वाकणं, ते बोट ओळखू आलं. इथले आयोजक वेगळे होते, माणसं वेगळी होती, वाक्य तेच होतं. तरुण, हसरा असा एक जण येऊन सरांना म्हणाला, "सर, त्या तुमच्या उंच खेळाडूबद्दल जरा... साताऱ्याला झालं होतं म्हणे एकदा, पण आमच्याकडं त्याची काही नोंद नाही ना. पाच मिनिटांत उरकून घेऊ."

 'न्हाई' हा शब्द मी महिनेन् महिने मनात घोकला होता. तो आता तोंडातून बाहेर येईना. सरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग मुलींकडं वळले.

"बॅगा उचला."

अंजू म्हणाली, "सर?"

"उचला म्हनलं ना."

"अहो सर, सामना सोडून जाताय?" तो हसरा आता हसत नव्हता. "आम्हाला त्यांना विजयी घोषित करावं लागेल. वरती कळवावं लागेल. पुढच्या वर्षी तुमच्या संघाला..."

"करा घोषित," सर म्हणाले. "कळवा वर." आणि स्वतः चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून चालायला लागले. मागं गर्दीनं हुर्यो उडवली. कुणीतरी केळ्याचं साल फेकलं, ते त्यांच्या पाठीवर बसलं आणि घसरून पडलं. त्यांनी मागं बघितलं नाही.

सांगलीच्या एसटीत अंजू रडत होती. त्या वर्षी तिची राज्याच्या संघात निवड व्हायची शक्यता होती, ती गेली. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "एका तुझ्यामुळं."  तिचं दुःख खरं होतं, आणि तिला ते माझ्यावरच काढता येत होतं. एक-दोन मुलींनी मान फिरवली. त्या कराडच्या माणसांबद्दल कुणीच काही बोललं नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

बस पुढं गेल्यावर सर आपल्या जागेवरून उठले आणि दांड्याला धरत धरत माझ्या शेजारी येऊन बसले. मी खिडकीकडं सरकले. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस होता. त्यांच्या सदऱ्यावर केळ्याचा डाग होता. ते समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते. मग म्हणाले, "साताऱ्यालाच उचलायला पायजे हुत्या बॅगा."

मी काय म्हणेन याची ते वाट बघत होते. वयानं मोठा माणूस, फौजी, आज सगळ्यांसमोर हार पत्करून आलेला. असू द्या सर, असं म्हणणं रीतीचं होतं, आणि माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

मी म्हणाले, "व्हय. पायजे हुत्या."

त्यांनी मान हलवली. मग सांगली येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.